सर्बियातलं हे 'हजार वर्षं जुनं' चर्च खरंतर किती जुनं आहे?

1 नोव्हेंबर 2024 ला नोव्ही साद शहराच्या रेल्वे स्टेशनचं छत कोसळलं, 16 माणसं गेली, आणि त्यानंतर सर्बियातले विद्यार्थी जे रस्त्यावर उतरले ते उतरलेच. 28 जून 2025 ला राजधानी बेलग्रेडच्या स्लाविया चौकात मोठी सभा झाली, तेव्हा माझ्या मावसभावाने त्या चौकाचा एक फोटो पाठवला. रस्त्याच्या टोकाला एक प्रचंड पांढरं चर्च, हिरवट घुमट, वर सोनेरी क्रॉस. खाली त्याचा प्रश्न, "हे किती जुनं असेल रे? हजारएक वर्षं?"

तर ते बेलग्रेडचं संत सावाचं चर्च, आणि त्याचा मुख्य घुमट 1989 मध्ये वर चढवलाय. आतलं सोनेरी मोझेइकचं, म्हणजे छोटे तुकडे जोडून केलेल्या चित्रांचं काम 2020 च्या आसपास पुरं झालंय. म्हणजे मावसभाऊ त्या घुमटापेक्षा वयाने मोठा आहे!

हे ऐकून तो जरा हिरमुसला, म्हणाला मग नकलीच म्हणायचं की. मला ते पटलं नाही. मी 2022 मध्ये बेलग्रेडला जाऊन आलोय (तेव्हा आपल्या पासपोर्टवर तिथे व्हिसा लागत नव्हता, 2023 पासून लागतो) आणि तेव्हापासून हा विषय डोक्यात घर करून बसलाय. एखादा देश सहाशे-सातशे वर्षं जुनं रूप उचलून नव्या इमारतींना का देतो, ते कोण ठरवतं, त्यात खरं काय आणि ओढूनताणून आणलेलं काय, हे नीट समजून घेतलं की त्या फोटोतलं चर्च वेगळंच दिसायला लागतं. म्हणून सगळं अगदी पहिल्यापासून सांगतो.

आधी 'बायझँटाइन' म्हणजे काय ते बघू

रोमन साम्राज्य पुढे दोन भागांत वाटलं गेलं. पश्चिमेकडचा भाग पाचव्या शतकात कोसळला, पण पूर्वेकडचा, ज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजचं इस्तंबूल, तो पार 1453 पर्यंत टिकला. त्या पूर्वेकडच्या साम्राज्याला आपण बायझँटाइन म्हणतो. गंमत म्हणजे ती माणसं स्वतःला कधीच बायझँटाइन म्हणत नव्हती, ती स्वतःला रोमनच म्हणायची, हे नाव नंतरच्या युरोपियन अभ्यासकांनी चिकटवलेलं आहे. भाषा ग्रीक, धर्म ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. सर्बियन लोकांनी ख्रिश्चन धर्म घेतला तो मुख्यतः याच बाजूने, रोमच्या पोपकडून नाही, त्यामुळे चर्च कसं दिसावं याची कल्पनाही तिकडूनच आली.

आणि ती कल्पना म्हणजे घुमट. युरोपातली बरीचशी गॉथिक चर्चेस आठवा, उंच टोकदार मनोरे, लांबच लांब हॉल, नजर सरळ पुढे वेदीकडे जाते. बायझँटाइन चर्चमध्ये तुम्ही मधोमध उभे राहता आणि नजर आपोआप वर जाते, डोक्यावर आभाळासारखा घुमट, त्यात येशू किंवा एखादा धार्मिक प्रसंग, खाली भिंतीभर संत. सगळ्या विश्वाची मांडणीच तिथे वरून खाली लावलेली असते.

चौकोनी खोलीवर गोल घुमट बसतो कसा?

हे एक कोडं कळलं की अर्धा विषय कळला म्हणून इथे जरा थांबतो. चौकोनी डबा घ्या आणि त्यावर एक वाटी उपडी ठेवा. वाटी चार बाजूंच्या मध्यावर टेकते, पण चारही कोपरे उघडे राहतात. आता वाटी हजारो टनांची असेल तर ती त्या चार ठिकाणी टेकून कशी राहणार?

बायझँटाइन कारागिरांनी त्या कोपऱ्यांत आत झुकलेले तिकोनी भाग भरले. संत्रं सोलताना सालीचा एक तिकोनी तुकडा निघतो ना, वरून पसरट, खाली निमुळता आणि आतून खोलगट, अगदी तसा. याला पेंडेंटिव म्हणतात, एकदाच सांगतो, पुढे 'कोपऱ्यातली साल' म्हटलं तरी चालेल. घुमटाचं वजन या सालींवरून घरंगळत चार मोठ्या खांबांवर येतं, मधली जागा मोकळी. कॉन्स्टँटिनोपलचं हागिया सोफिया सम्राट जस्टिनियनने 532 ते 537 अशा पाच वर्षांत बांधून घेतलं, घुमट साधारण 31 मीटर रुंद. 558 मध्ये तो घुमट पडला, मग आधीपेक्षा जास्त उंच करून परत बांधला, कारण चपटा घुमट भिंतींना बाहेर ढकलतो आणि उंच घुमट वजन जास्त सरळ खाली आणतो.

यातून पुढे जी छोटी चर्चेस निघाली त्यांचा नकाशा ठरून गेला. चौकोनात अधिकचं चिन्ह, अधिकच्या मध्यावर मोठा घुमट, आणि बऱ्याचदा चार कोपऱ्यांवर चार लहान. भिंती बांधायच्या त्या दगडाचा एक थर मग विटांचा थर, परत दगड परत विटा, लांबून सतरंजीच्या पट्ट्यांसारख्या दिसतात. घुमट, पट्टे, जोडून आलेल्या अर्धगोल कमानी, एवढं लक्षात ठेवलं तरी बेलग्रेडमध्ये फिरताना या शैलीची इमारत लगेच ओळखू येते.

पण मग ही ग्रीक शैली झाली, सर्बियन कुठे?

हा प्रश्न रास्त आहे, आणि सर्बियन आर्किटेक्टही यावरच शंभर वर्षं भांडलेत.

बाराव्या शतकाच्या शेवटी स्टेफान नेमान्या नावाच्या राजाने सर्बियन राज्याचा पाया घातला. त्याचा धाकटा मुलगा राजपाट सोडून साधू झाला, तोच संत सावा, ज्याने 1219 मध्ये सर्बियन चर्चला स्वतंत्र दर्जा मिळवून दिला. या नेमानिच घराण्याच्या राजांनी एकामागून एक मठ बांधले. जो राजा होईल त्याने आपला मठ बांधायचाच, जणू ते कर्तव्यच.

हे सगळे मठ एका छापाचे नाहीत. गाब्रिएल मिये या फ्रेंच अभ्यासकाने 1919 मध्ये त्यांची तीन गटांत विभागणी केली, संगीतातली घराणी असतात तशीच म्हणा ना. पहिलं राश्का घराणं, स्टुडेनित्साचा मठ त्यातलाच. आत घुमट आहे, पण बाहेरून गुळगुळीत संगमरवर आणि कोरलेले दरवाजे, जे इटलीत शोभतील, कारण एड्रियाटिकच्या किनाऱ्यावरचे कारागीर तिथून जवळ. डेचानीचा मठ (1327 ते 1335) बांधणारा तर कोटोर शहरातला फ्रान्सिस्कन साधू होता, फ्रा विता, म्हणजे चक्क कॅथलिक माणूस! दुसरं घराणं खरंखुरं बायझँटाइन वळणाचं. राजा मिलुटिनने 1299 मध्ये बायझँटाइन सम्राटाच्या मुलीशी, सिमोनिसशी लग्न केलं आणि दरबारात तिकडचे रीतिरिवाज भरभरून आले. त्याचं ग्राचानित्सा, 1321 चं, पाच घुमटांचं. आकाराने लहानच, पण कमानीवर कमान, त्यावर घुमटाची उंच मान, असं पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जातं की छोटंसं चर्चही डोंगराएवढं वाटतं. आणि तिसरं मोरावा घराणं, चौदाव्या शतकाच्या शेवटी, तुर्कांचा दाब वाढत असताना मोरावा नदीच्या खोऱ्यात फुललेलं, लाझारित्सा, रावानित्सा, कालेनिच. यात भिंतीवर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, दगडात विणल्यासारखी नक्षी, आणि चक्रासारखी गोल फुलं. मला स्वतःला हेच सगळ्यात जास्त आवडतं.

म्हणजे मध्ययुगातच सर्बियन वास्तुकला हे मिश्रण होतं, थोडं कॉन्स्टँटिनोपल, थोडं इटली, बाकी आपलं. पुढे एकोणिसाव्या शतकात जेव्हा 'आपली शैली कोणती' हा प्रश्न आला तेव्हा त्यांना या मिश्रणातून निवड करावी लागली, आणि त्यांनी स्टुडेनित्सा न निवडता जास्त करून ग्राचानित्सा आणि मोरावा निवडलं. का, ते पुढे येईलच.

मधली चारशे वर्षं

1389 ला तुर्कांशी कोसोवोची लढाई झाली, आजच्या कॅलेंडरप्रमाणे तो दिवस 28 जूनला पाळतात, सर्बियन लोक त्या दिवसाला विदोवदान म्हणतात (वर सांगितलेली 2025 ची सभा याच दिवशी होती, हा काही योगायोग नाही). 1459 मध्ये शेवटची राजधानी स्मेदेरेवो पडली आणि सर्बिया ओटोमन तुर्कांच्या ताब्यात गेला. मठ अगदी बंद पडले असं नाही, पण मोठं, उंच, मिरवणारं चर्च बांधायची सोय राहिली नाही. नदीपलीकडे ऑस्ट्रियाच्या राज्यात राहणारे सर्ब चर्चेस बांधत होते, पण ती बरोक, म्हणजे व्हिएन्नाच्या फॅशनची, कांद्याच्या आकाराचा मनोरा वगैरे.

1804 आणि 1815 ला उठाव झाले, 1830 ला स्वायत्तता मिळाली. लगेच बेलग्रेडमध्ये नवं मुख्य चर्च बांधलं, 1837 ते 1840, आणि तेसुद्धा त्याच बरोक वळणाचं! साहजिक होतं, कारण समोर तोच नमुना होता. पण शिकल्या-सवरलेल्या लोकांना ते खटकायला लागलं. तुर्कांपासून सुटलो आणि ऑस्ट्रियासारखे दिसायला लागलो, मग आपण कोण? 1878 ला पूर्ण स्वातंत्र्य मिळालं तोवर या प्रश्नाला चांगलीच धार आली होती.

आपलं शोधायला व्हिएन्नाला

आणि इथे गोष्टीला मोठं मजेदार वळण लागतं. आपली जुनी शैली परत आणायची तर ती शिकायची कुठे? सर्बियात तेव्हा तसं शिकवणारं कोणी नव्हतं. मग मुलं गेली व्हिएन्नाच्या अकादमीत, तिथे थिओफिल हान्सेन नावाचे प्रोफेसर होते, मूळचे डेन्मार्कचे, तरुणपणी अथेन्समध्ये बरीच वर्षं काढलेले, व्हिएन्नाची पार्लमेंट बिल्डिंग बांधणारे. म्हणजे सर्बियन मुलांना सर्बियन शैली शिकवली एका डॅनिश माणसाने, ऑस्ट्रियात बसून, ग्रीसमध्ये बघितलेल्या चर्चेसवरून! त्यांचा विद्यार्थी स्वेतोझार इवाच्कोविच याने पांचेवोमध्ये 1870 च्या दशकात चर्च बांधलं, ते या नव्या लाटेतल्या पहिल्या महत्त्वाच्या इमारतींपैकी. घुमट, पट्टे, अर्धगोल कमानी सगळं आहे, पण फार इस्त्री केलेलं, रेषा अगदी पट्टीने आखल्यासारख्या. बघणाऱ्याला कळतं की हे पुस्तकातून आलेलं आहे, मातीतून नाही.

त्याच काळात दोन माणसं वेगळंच काम करत होती. मिहाइलो वाल्ट्रोविच आणि ड्रागुटिन मिलुटिनोविच. 1871 पासून पुढची तेराएक वर्षं हे दोघं दर उन्हाळ्यात देशभर हिंडले, पडक्या मठांमध्ये जाऊन मापं घेतली, नकाशे काढले, भिंतीवरची चित्रं, नक्षीचे तुकडे सगळं कागदावर उतरवून आणलं. मला या दोघांबद्दल फार आदर वाटतो, कारण त्यांच्याआधी 'आपली जुनी शैली' हे फक्त बोलण्यात होतं, कोणी पट्टी लावून मोजलेलं नव्हतं. आधी मोजमाप, मग अभिमान, हा क्रम किती जणांना जमतो? त्यांच्यानंतरच्या पिढीला कळलं की हान्सेनचं बायझँटाइन म्हणजे सगळ्यांना चालेल असं कॉमन माप आहे, आपल्याकडे ग्राचानित्सा आहे, कालेनिच आहे, त्याची चव वेगळी आहे.

1900 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सर्बियाने आपला मंडप उभारला तो चर्चसारखाच, घुमटांचा. आत देशातली उत्पादनं, आणि बाहेरून बायझँटाइन. जगासमोर उभं राहायचं तर कोणत्या कपड्यात, हे तेव्हा ठरलेलं होतं असं दिसतं.

मग टेलिफोन एक्सचेंजलाही तीच नक्षी

बेलग्रेडमध्ये कोसोव्स्का रस्त्यावर एक जुनं टेलिफोन एक्सचेंज आहे, 1908 चं, आर्किटेक्ट ब्रांको तानाझेविच. मी त्याच्यासमोर चांगली वीस मिनिटं उभा होतो. टेलिफोन म्हणजे त्या काळातलं सगळ्यात नवं तंत्रज्ञान, आणि त्याच्या इमारतीच्या भिंतीवर मोरावा घराण्याचे बुद्धिबळाचे चौकोन, गोल फुलं, विणकामासारख्या पट्ट्या. घुमट नाही, क्रॉस नाही, तरी बघताक्षणी कळतं की हे सर्बियन आहे. चर्चमधून नक्षी उचलली, पण चर्च उचललं नाही. ही इमारत बघितली आणि मला हा सगळा खटाटोप पटायला लागला, कारण इथे नुसतं जुन्याकडे तोंड करून उभं राहणं नाही, जुन्या शब्दांत नवी गोष्ट सांगणं आहे.

आपल्याकडे मुंबईचं जीपीओ आठवा, 1913 चं, विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेलं, तेही पोस्ट ऑफिसच. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की जीपीओला गोल घुमट हवा हे जॉन बेग या ब्रिटिश आर्किटेक्टने सरकारच्या वतीने ठरवलं, आणि बेलग्रेडला ते तिथल्याच लोकांनी स्वतःसाठी, आपसात भांडून ठरवलं.

तानाझेविचच्या पुढे गेला तो मोमिर कोरुनोविच. प्रागमध्ये शिकून आलेला, अफाट कल्पनाशक्तीचा माणूस. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्याने पोस्ट खात्याचं मंत्रालय, व्यायामशाळा, चर्चेस, स्मारकं, काय काय बांधलं, आणि कशातही सरळ नक्कल नाही, मध्ययुगातल्या कमानी घेऊन तो त्या ताणतो, फुगवतो, एकमेकींत घुसवतो. त्याची रेल्वे स्टेशनजवळची पोस्ट ऑफिस नंबर 2 (1927 ते 1929) तर जुने फोटो बघितले तरी थक्क करते. तिचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

तीन मोठी चर्चेस आणि तीन वेगवेगळे रस्ते

ओप्लेनात्स, तोपोला गावाबाहेरच्या टेकडीवर. राजा पेटर पहिला याने आपल्या काराजॉर्जेविच घराण्यासाठी बांधलेलं, काम 1910 ला सुरू झालं, पहिल्या महायुद्धात मोडतोड झाली, 1930 ला पुरं झालं. पाच घुमट, बाहेरून पांढराशुभ्र संगमरवर, जवळच्याच वेंचात्स डोंगरातला. मी बसने गेलो होतो, बाहेरून वाटलं, छान आहे, आणि आत पाऊल टाकलं आणि बोलतीच बंद झाली. भिंती, कमानी, घुमट, खाली तळघरातल्या समाध्या, सगळीकडे मोझेइक, नखाएवढे काचेचे तुकडे, सांगतात साधारण 4 कोटी, हजारो छटांचे. आणि ही चित्रं म्हणजे सर्बियातल्या जवळपास 60 जुन्या मठांमधल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती आहेत, 725 चित्रं. पुसट होत चाललेलं, पडझडीला आलेलं सगळं एका छताखाली काचेत पक्कं करून ठेवलंय. ही नक्कल आहे का? आहेच. पण आजीचं हस्ताक्षर पुसायला लागलं म्हणून कोणी तिची पाककृतींची वही उतरवून ठेवली तर त्याला आपण नक्कल म्हणून नाक मुरडत नाही.

सेंट मार्क, बेलग्रेडच्या मध्यावर, पार्लमेंटपासून चालत जाण्याच्या अंतरावर, 1931 ते 1940. पेटर आणि ब्रांको क्रस्तिच हे दोघे भाऊ. हे सरळसरळ ग्राचानित्सा आहे, फक्त खूप मोठं केलेलं, पिवळ्या-लाल पट्ट्यांचं. आणि मला इथे जरा अडखळायला होतं. ग्राचानित्साची जादू ती लहान असण्यातच आहे, इतक्या छोट्या जागेत इतकी चढण. तीच मोठी केली की चढण राहते पण दम लागत नाही. तरीही आत एका कोपऱ्यात मेणबत्त्यांच्या दोन ओळी बघितल्या, वरची जिवंत माणसांसाठी, खालची गेलेल्यांसाठी, आणि एक आजीबाई आधी खाली तीन लावून मग वर एकच लावत होत्या, तेव्हा इमारतीचं माप डोक्यातून गेलं. याच भावांनी त्याच दशकात शहराच्या मध्यावर अगदी साधी, आधुनिक इमारतही बांधलीये, इगुमानोव पॅलेस. म्हणजे त्यांना दुसरं येत नव्हतं असं नाही, चर्चसाठी हीच भाषा योग्य असं त्यांना आणि काम देणाऱ्यांना वाटत होतं.

आणि फोटोतलं पांढरं चर्च, संत सावाचं, व्राचारच्या उंचवट्यावर. सोळाव्या शतकाच्या शेवटी, 1594-95 च्या सुमारास, तुर्क सेनापती सिनान पाशाने संत सावाचे अवशेष मठातून आणून इथे जाळले अशी श्रद्धा आहे, कारण बंडखोर त्याचं चित्र झेंड्यावर घेऊन लढत होते. तीनशे वर्षांनी, 1895 ला, तिथे चर्च बांधायला मंडळ स्थापन झालं. पहिली स्पर्धा फसली, 1926 च्या स्पर्धेत पहिलं बक्षीस कोणालाच दिलं नाही, शेवटी बोग्दान नेस्तोरोविच आणि अलेक्सांदार डेरोको यांचा मिळून आराखडा ठरला. 1935 ला काम सुरू, 1941 ला जर्मन बॉम्ब पडले, भिंती तेव्हा जेमतेम दोन-तीन मजल्यांएवढ्या वर आल्या होत्या. जर्मन सैन्याने तिथे गाड्या उभ्या केल्या. नंतर कम्युनिस्ट राजवटीत चाळीसेक वर्षं तो सांगाडा तसाच. 1984 ला परवानगी मिळाली, ब्रांको पेशिच या आर्किटेक्टने काम हाती घेतलं, आणि मग 4000 टनांचा घुमट जमिनीवर तयार करून, वर तांब्याचे पत्रे आणि क्रॉससकट, जॅक लावून इंच इंच वर उचलला. सहाव्या शतकातल्या कारागिराला हे सांगितलं असतं तर त्याने आपल्याला वेड्यात काढलं असतं.

हा आराखडा ग्राचानित्साचा नाही. मधला घुमट हागिया सोफियाच्या घुमटाच्या जवळपास जाणारा, आणि चारही बाजूंना अर्धे घुमट. म्हणजे इथे सर्बियाने आपल्या मध्ययुगालाही ओलांडून थेट सहाव्या शतकातल्या कॉन्स्टँटिनोपलला हात घातला. यावर 1930 च्या दशकातच खूप वाद झाला होता, बऱ्याच जाणकारांचं म्हणणं होतं की आपल्या इतिहासात एवढं अवाढव्य काही कधी नव्हतंच, हे आपलं कसं? त्यांच्या म्हणण्यात दम होता असं मला आजही वाटतं.

काँक्रीटचं बायझँटाइन, हे फसवणं नाही का?

आपल्याकडेही काँक्रीटचं देऊळ बांधून वर पाटी लावतात 'हेमाडपंती', आणि आपण वैतागतो, कारण हेमाडपंती म्हणजे दगडावर दगड, चुना न लावता बसवलेला, ती बांधायची पद्धत आहे, नुसता आकार नाही. तोच आक्षेप इथेही लागू होतो. बायझँटाइनमध्ये पट्टे शोभेसाठी नव्हते, दगड आणि वीट मिळून भिंत बनायची म्हणून पट्टे होते. घुमट उंच होता कारण नाहीतर पडला असता. काँक्रीटमध्ये यातली कुठलीच गरज उरत नाही, मग तो आकार म्हणजे फक्त आठवण.

मी यावर बराच विचार केला आणि माझं मत असं झालंय की आठवण असणं हा दोष नाही, पण आठवण आहे हे लपवणं दोष आहे. तानाझेविचचं एक्सचेंज आपलं वय लपवत नाही. संत सावाचा घुमट आकाशात कसा गेला याची गोष्टही बेलग्रेडमध्ये अभिमानाने सांगतात, कोणी तो जुना असल्याचं भासवत नाही. भासतो तो आपल्याला, फोटोत.

पण यात राजकारण आहे ना?

आहे, आणि ते टाळून हा विषय सांगता येत नाही. राश्का घराण्यापेक्षा ग्राचानित्सा जास्त का निवडलं? एक म्हणजे राश्काचा संगमरवरी चेहरा पश्चिमेकडचा वाटतो, आणि ज्यांना 'आम्ही व्हिएन्ना नाही' हे दाखवायचं होतं त्यांना पाच घुमट जास्त ठळकपणे बोलणारे वाटले असणार. दुसरं म्हणजे ग्राचानित्सा कोसोवोत आहे, आणि 1389 नंतर कोसोवो हे नाव सर्बियन मनात जमिनीच्या तुकड्यापुरतं राहिलेलं नाही. 1912 पर्यंत ते तुर्कांकडेच होतं. म्हणजे जे चर्च आपल्या ताब्यात नाही त्याचं रूप आपल्या शहरात बांधणं, यातली ओढ समजण्यासारखी आहे.

पण तीच ओढ दुसऱ्याला दावा वाटू शकते. 1918 ला सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हीन लोकांचं एक राज्य झालं, तेच पुढे युगोस्लाव्हिया, आणि राजाने बेलग्रेडच्या देदिन्ये भागात आपला महाल बांधला तो सर्बियन-बायझँटाइन शैलीतच. कॅथलिक क्रोएट माणसाला त्यात आपलं घर दिसलं असेल का? 1989 मध्ये जून महिन्यात संत सावाचा घुमट वर बसला, आणि त्याच महिन्याच्या 28 तारखेला, लढाईला 600 वर्षं झाली म्हणून, कोसोवोत सर्बियाचा तेव्हाचा नेता मिलोशेविच याचं ते भाषण झालं ज्याच्यानंतर युगोस्लाव्हिया फुटण्याकडेच निघाला. 1990 च्या दशकात कोसोवोची राजधानी प्रिश्टिना इथल्या युनिव्हर्सिटीच्या आवारात असंच एक घुमटाचं चर्च बांधायला घेतलं, 1999 च्या युद्धाने ते अर्धवट राहिलं, आजही तसंच उभं आहे, सर्बांसाठी ते चर्च आणि कोसोवोतल्या बहुसंख्य अल्बेनियन लोकांसाठी जुन्या राजवटीची खूण. आणि खुद्द ग्राचानित्सा, डेचानी, पेच, ल्येविश्का या चार जागा 2006 पासून युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशाच्या यादीत आहेत. 2004 च्या मार्चमध्ये तिथे सर्बियन चर्चेस जाळली गेली, हे विसरून चालणार नाही.

दगडाला बाजू नसते, पण आकाराला चिकटते, आणि एकदा चिकटली की मापात कितीही सुंदर असला तरी तो आकार कोणाच्या तरी डोळ्यात खुपतो. म्हणून प्रिश्टिनातलं अर्धवट चर्च आणि कोसोव्स्का रस्त्यावरचं एक्सचेंज, दोन्हीवर एकाच खाणीतला आकार असला तरी मला ती दोन वेगळी कामं वाटतात.

देशाबाहेर गेलेल्या सर्बांचं अजून वेगळं. अमेरिकेत शिकागोजवळ 'नवं ग्राचानित्सा' आहे, 1984 चं. बोस्नियातल्या ट्रेबिन्येच्या टेकडीवर 2000 मध्ये आणखी एक ग्राचानित्सा उभं राहिलं, कवी योवान दुचिचच्या अस्थी अमेरिकेतून आणून तिथे ठेवल्या. दूर राहणाऱ्याला घराचं चिन्ह लागतं, आणि पाच घुमट हे चिन्ह कोणत्याही झेंड्यापेक्षा लांबून ओळखू येतं.

आता पोस्ट ऑफिस नंबर 2

1944 ला बेलग्रेडवर दोस्तराष्ट्रांचे बॉम्ब पडले त्यात कोरुनोविचची ती पोस्ट ऑफिस बिल्डिंग भाजून निघाली. युद्धानंतर नव्या राजवटीने 1947 ला तिची दुरुस्ती केली ती सगळ्या कमानी, नक्षी, मनोरे काढून टाकून, एक सपाट करडा चेहरा बसवून. आतला सांगाडा बराचसा तोच. मी 2022 ला तिच्यासमोरून दोनदा गेलो, दुसऱ्यांदा नकाशा बघितला तेव्हा कळलं की हीच ती, आणि मग फोनवर जुना फोटो काढून समोर धरला आणि एक एक खिडकी जुळवत बसलो. मजले जुळत होते, चेहरा कुठेच नव्हता. कोरुनोविच 1969 पर्यंत जगला, म्हणजे बावीस वर्षं त्याने त्याच शहरात ती तशी बघितली.

आता तिला त्याचं मूळ रूप परत द्यायचं काम निघालंय. म्हणजे चौदाव्या शतकावरून 1929 मध्ये जे नव्याने घडवलं, त्याचंच आता पुन्हा नव्याने घडवणं. तिथे परत गेलो की मी तोच जुना फोटो बरोबर नेणार आहे, आणि या वेळेला खिडक्यांच्या वरच्या कमानी मोजणार आहे.